तेवीस खाडे

पडद्यावर सत्तेचाळिसाव्या ओळीत बहिणीचं नाव आलं तेव्हा शेखर पष्टे चहात बिस्कीट बुडवत होता. बिस्कीट मऊ होऊन कपात पडलं आणि तो तसाच बघत राहिला. कपाकडे की पडद्याकडे, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. राही कमळू भोईर, जुळणी विभाग, टेबल चार, खाडे तेवीस, निर्देशांक अठ्ठावन्न. अंधेरीच्या त्या नवव्या मजल्यावरच्या खोलीत अकरा माणसं बसली होती. हे नाव आणि कंपनीचा माहिती विभागाचा जनरल मॅनेजर एकाच आईच्या पोटचे आहेत, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. राही मुरबाडच्या कारखान्यात ब्याण्णव साली लागली ती स्वतःच्या पायांनी, फाटकाशी रांगेत उभी राहून. शेखर तीन वर्षांनी थेट मुंबईच्या ऑफिसात आला, आणि तेव्हा त्याने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. लपवली असंही नाही. सांगायची वेळ आली नाही, मग सांगण्याची वेळ निघून गेली, आणि नंतर ती गोष्ट न सांगितलेली म्हणूनच त्याच्याजवळ राहिली. "नावं कशाला टाकलीत? नंबर पुरे होते," तो पर्सोनेलच्या जोगळेकरांना म्हणाला. आपला आवाज इतका साधा कसा निघाला याचंच त्याला नवल वाटलं. जोगळेकर म्हणाले, "साहेबांनीच सांगितलं. माणसं आहेत, नुसते आकडे नाहीत, याची आठवण राहावी म्हणून." कपाडियासाहेबांनी मान हलवली. मॅनेजिंग डायरेक्टर असूनही ते कधी आवाज चढवत नसत, आणि शेखरला ते आवडत असत. त्यांना वाईट माणूस म्हणता आलं असतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

सलाइनच्या नळ्या करणारी ती कंपनी. सात कारखाने, त्यांतला मुरबाडचा चारशे बारा माणसांचा. जुळणीची दोन नवी यंत्रं येणार होती, म्हणून मार्चअखेर साठ जणांना स्वेच्छानिवृत्ती द्यायची, असं संचालक मंडळाने ठरवलं होतं. इच्छा कुणाची, हे त्या शब्दात कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रश्न एवढाच होता की साठ कोण. "पूर्वी हे कसं व्हायचं ते आपण जाणतो," कपाडिया म्हणाले. "सुपरवायझरच्या मर्जीतली माणसं राहायची, युनियनवाल्यांच्या भावकीतली राहायची. आज आपल्याकडे शेखरचा निर्देशांक आहे. तो कुणाचा मामा नाही, कुणाचा भाऊ नाही." सगळ्यांनी शेखरकडे कौतुकाने पाहिलं. त्याने कपातला चिखल चमच्याने ढवळला. हा हजेरीचा निर्देशांक, खाडे जितके जास्त तितका कमी, त्याने दीड वर्षापूर्वी बसवला होता, आणि तो अगदी वेगळ्याच कामासाठी. मुरबाडचं उत्पादन जुलैत का घसरतं यावर मुंबईत दर वर्षी खल होई. यंत्रं जुनी, पावसाने वीज जाते, माणसं आळशी. शेखर धसईच्या पलीकडच्या एका पाड्यावर वाढलेला. त्याला उत्तर आधीच माहीत होतं; आकडे फक्त गोळा करायचे होते. जुलैत आवणी असते. चिखलात रोप लावायची वेळ चुकली तर वर्षाचा भात चुकतो, आणि मग कंपनी असो की कचेरी, माणूस शेतातच जाणार. यंत्रांची वार्षिक दुरुस्ती मे महिन्यात असते ती आवणीच्या पंधरवड्यात न्या, कारखाना तेव्हाच बंद ठेवा, खाडे आपोआप मिटतील, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने ते रंगीत आलेखांतून इतकं नेटकं सांगितलं की कपाडियांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुरुस्ती मात्र मे महिन्यातच राहिली, कारण परदेशातला इंजिनियर मे महिन्यातच येई. निर्देशांक राहिला. रस्ता करून ठेवला की त्यावरून कोण काय वाहून नेईल हे रस्ता करणाऱ्याच्या हातात राहत नाही, हे शेखरला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं असं नाही. पण कळून घशाशी आलं ते त्या दुपारी.

केबिनमध्ये येऊन त्याने राहीच्या तेवीस तारखा काढल्या. दार लावून घेतलं, जसं काही कुणाचं पत्र चोरून वाचतो आहे. त्याची अपेक्षा साधी होती. पाच ते वीस जुलै, आवणीचे पंधरा दिवस, आणि बाकीचे कापणीत. म्हणजे मग त्याला पुन्हा कपाडियांकडे जाऊन म्हणता आलं असतं, बघा, मी म्हणत होतो तेच. पण आवणीच्या त्या पंधरा दिवसांत राही रोज हजर होती. कापणीच्या ऐन पंधरवड्यातही. पौषात म्हसाच्या जत्रेला अर्धा कारखाना रिकामा पडतो, त्या तीनही दिवशी ती टेबल चारवर बसून नळ्या जोडत होती. खाडे होते ते भलतेच. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक, कधी मंगळवार, कधी गुरुवार. मग मार्चमध्ये सलग दोन. ऑगस्टात आणखी पाच, सुटे सुटे. नोव्हेंबरात चार. कारणाच्या रकान्यात सगळीकडे नऊ. कारणं नऊच होती. ती यादीही शेखरनेच केली होती. आजारपण, अपघात, लग्न, मर्तिक, बाळंतपण वगैरे आठ, आणि नववं 'इतर'. आणि बहुतेक खाडे न कळवता झालेले, म्हणून दुप्पट धरलेले. न कळवता झालेला खाडा दुप्पट धरायचा, ही युक्तीही त्याचीच. त्या वेळी ती सुचली तेव्हा त्याला गणित सुटल्याचा आनंद झाला होता.

तो तारखांकडे बघत राहिला. महिन्याच्या शेवटी काय असतं? दवाखाना असेल. टीबीची औषधं महिन्याच्या महिन्याला मिळतात. कमळूभावजी पितात का? पूर्वी पीत नसत. पण पूर्वी म्हणजे कधी? आई गेली त्या वर्षी तो पाड्यावर आठ दिवस होता, त्यानंतर एका दिवाळीला दोन तास. मधल्या वर्षांत राहीच्या घरात काय काय झालं असेल याचा त्याच्याकडे काही पुरावा नव्हता. पाटण्याला कोणत्या आठवड्यात सलाइनच्या नळ्या जास्त खपतात, नागपूरच्या गोदामात माल का तुंबतो, हे तो बसल्या जागी सांगे, आणि लोक त्याला त्यासाठी पगार देत. सत्तावीस मार्चला स्वतःची बहीण कुठे होती हे मात्र त्याला सांगता येत नव्हतं. त्याला राहीचा राग आला. तारखा नीट ठेवायला काय झालं होतं हिला? आवणीला गेली असती तर त्याच्या सगळ्या म्हणण्यात बसली असती. मग ह्या रागाचीच त्याला लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर जुनी गोष्ट आठवली. एकाहत्तर सालची शिरगणती. तालुक्याहून एक गुरुजी आले होते आणि अंगणात खाटेवर बसून बाबांना विचारत होते, घरात माणसं किती. बाबा बोटं मोडत सांगत होते. राही तेव्हा अकरा वर्षांची, आठ दिवस आजोळी होती आणि त्याच सकाळी परत आलेली. गुरुजी उठून निघाले तशी ती बांधापर्यंत त्यांच्यामागे धावली. "गुरुजी, मला लिवली का?" गुरुजींनी कागद उलटा-सुलटा केला, बाबांकडे पाहिलं, आणि पेन काढून उभ्याउभ्या तिला लिहिलं. बाबा हसले होते. राही हसली नव्हती. लिहिलेलं वाळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

"तिला विचार की सरळ," पूजा म्हणाली. ही त्याची बायको. ठाण्यात वाढलेली, तिला सगळं सरळ विचारता येत असे. "काय विचारू? तुझी नोकरी घालवायचं यंत्र मी केलंय, तर तू गैरहजर का होतीस तेवढं सांग?" पूजाने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मागे फोन आला होता ना त्यांचा, 'मी काहीतरी झाले' म्हणून. तू मीटिंगमध्येच घेतलास म्हणालास." शेखरला आठवलं. दीडेक वर्ष झालं असेल. धसईच्या बूथवरून राहीचा आवाज, मागे एसटीचा गोंगाट, आणि ती ओरडून सांगत होती, "शेखर, मी मेंबर झाले रे!" त्याने "वा, छान, छान" म्हणून फोन ठेवला होता. तेव्हा गावोगाव बायकांचे बचत गट निघत होते. त्यातलंच काही असेल असं त्याने धरलं, आणि धरलं ते धरलंच.

रविवारी सकाळी तो गाडी घेऊन निघाला. कल्याण सोडलं, मुरबाडला कारखान्याच्या फाटकावरून गेला तेव्हा त्याने मान सरळ ठेवली. पुढे धसईच्या रस्त्याला दोन्ही अंगांना शेतांतून भाताच्या रोपांच्या वाफ्यांसाठी राब भाजायचं काम चाललं होतं. पालापाचोळा, शेण, वर माती, आणि त्यातून धुमसत निघणारा तो निळसर धूर. काच वर होती तरी वास आत आलाच. ह्या वासावर आपला हक्क आहे असं त्याला नेहमी वाटत आलं होतं. मुंबईच्या बैठकांत तो म्हणे, "मी तिथलाच आहे, मला माहीत आहे." ह्या एका वाक्याने कितीदा तरी वाद मिटले होते.

कमळू अंगणात पेंढ्याची गंजी लावत होता. पितो असं वाटलं नाही; वाळला होता, एवढंच. त्याने कौतुकाने गाडीला एक फेरी घातली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "राही नाय घरात. टाकीवर गेली. ठाकरवाडीला नळाचं काम चाललंय, ती उभी नाय ऱ्हायली तर ठेकेदार रेतीच घालतो निसती."

"राहीबाय कशाला उभी राहते?"

कमळूने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अवो, ती मेंबर हाय ना ग्रामपंचायतीची. तुमाला फोन केलेला तिनं."

शेखर टेकडी चढू लागला. शहरी बुटांखाली पेंढा सरकत होता. महिन्याच्या शेवटी मासिक सभा. मार्चमध्ये अंदाजपत्रक. ऑगस्टात ग्रामसभा आणि बाकी दिवस मुरबाडला पंचायत समितीच्या चकरा. तेवीस तारखा एकेक करून जागेवर बसल्या आणि एखादं कोडं सुटल्यावर वाटतं तसं काही त्याला वाटलं नाही. उलट कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. आवणी, जत्रा, दारू, टीबी. तिथल्याच माणसाने तिथल्याच माणसाबद्दल केलेले हे अंदाज. मुंबईतल्या त्या अकरा जणांनी तरी याहून वेगळे काय केले असते?

टाकी अर्धी झाली होती. राही पदर खोचून, हातात काठी घेऊन गवंड्याशी बोलत होती. केस पुढून पांढरे झाले होते. त्याला बघून तिने काठी खाली ठेवली नाही, फक्त गवंड्याला म्हणाली, "मी आले, तवर थर उचलायचा नाय," आणि उतरून आली. "कवा आलास? पूजा नाय आली? पोरं?" तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मग जरा थांबून म्हणाली, "त्या यादीचं ना?"

"तुला कळलं?"

"कंपनीत काय लपतं रे? साठ जनांना काढनार, कंप्युटरनं नावं काढली, असं पंधरा दिस चाललंय. माझं हाय ते शिफ्टच्या साहेबानं परवा सांगितलं. म्हनला, राहीबाय, तुमचं काम चोख हाय, पन खाडे लई." ती टाकीच्या सावलीत बसली. "तो कंप्युटर तुजाच ना?"

तो उभाच राहिला. इतक्या वर्षांत त्याने कितीतरी माणसांना ही गोष्ट समजावली होती, पडद्यावर बाण दाखवून, उदाहरणं देऊन. "माझा म्हणजे, बाय, मी तो वेगळ्या कामासाठी केला होता. आवणीत कंपनी बंद ठेवावी म्हणून."

"मग ठेवली?"

"नाही."

"हं," राही म्हणाली. त्या 'हं'मध्ये राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आनि मी कुठं जाते ते त्यात लिवलं नाय?"

"लिहायला जागाच नव्हती. नऊ कारणं होती. त्यात हे नव्हतं."

"मी सांगितलेलं शिफ्टच्या साहेबाला पैल्या टायमाला. तो म्हनला, सभेला जातो असं कुठं अस्तं का, मी इतर मारतो." तिने काठीच्या टोकाने खाली सांडलेली रेती सारली. "इतर," ती पुन्हा म्हणाली, जसा तो शब्द जिभेवर ठेवून बघते आहे.

तेवढ्यात वाडीकडून एक बाई आली. काटक, उंच, डोक्यावर हंडा. राही म्हणाली, "ही हिरी. माझ्या टेबलावर माझ्या बाजूला बसती. ह्या ठाकरवाडीचीच." हिरीने हंडा उतरवला आणि शेखरकडे पाहून तोंडाला पदर लावला. "तुमीच का राहीबायचं भाऊ? कंप्युटरवालं?" मग पदर काढून एकदम विचारलं, "आमचं नाव हाय का त्यात? माझं मालक चंदर, आगिवले आडनाव. मालक गेले दोन सालं झाली. पोराला फिटा येत्यात, त्याला घेऊन शहापूरच्या दवाखान्यात जावं लागतं, म्हनून माझं पन खाडे हायत." शेखरने डोळे मिटून ती यादी आठवली. त्याला यादी तोंडपाठ झाली होती. वरपासून खालपर्यंत, साठही नावं. "नाही," तो म्हणाला. "तुमचं नाव नाही त्यात. मी बघितलंय." ह्या सबंध आठवड्यात कुणाला तरी चांगलं सांगता येईल अशी ही एकच गोष्ट त्याच्याजवळ होती, आणि ती त्याने मोठ्याने, दोनदा सांगितली. हिरीने हात जोडले. राही तिच्याकडे बघून पहिल्यांदा हसली.

मग त्याने राहीला सांगितलं, कंपनीच्या युनियनशी झालेल्या जुन्या करारात काही असेल तर बघतो. सभांची पत्रं, हजेरीच्या नकला दे. राही लगेच उठली नाही. "मी मागाया नाय आले तुज्याकडं," ती म्हणाली. "माहीत आहे. नियम असला तर तो तुझा हक्क आहे, माझी मेहरबानी नाही." हे तिला पटलं. घरी येऊन तिने पत्र्याच्या पेटीतून कागद काढले, एका दोऱ्यात ओवलेले, तारखेवार. सचिवांची सही, शिक्का, हजर सदस्य, त्यात तिची वळणदार नसलेली पण पूर्ण सही. निघताना गाडीच्या काचेशी वाकून तिने विचारलं, "मी निघाले त्यातून, तर एकोनसाठ ऱ्हातील ना?"

"हो," शेखर म्हणाला. त्या क्षणी त्याला ती खरोखर साधी वजाबाकी वाटली.

करारात होतं. जोगळेकरांनी सोमवारी दुपारी कपाट उघडून एकोणनव्वद सालची पिवळी प्रत काढली, आणि त्यात एकतिसावं कलम होतं. स्थानिक संस्थेवर निवडून आलेल्या कामगारास सभांसाठी वर्षाला पंधरा दिवस रजा. पंधरा वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं. "कमाल आहे," जोगळेकर म्हणाले, "बाईने स्वतः कधी सांगितलं नाही." शेखर म्हणाला, "सांगितलं होतं," आणि मग, इतक्या वर्षांनी, "ती माझी बहीण आहे." जोगळेकरांनी चष्मा काढून पुसला. ती गोष्ट सांगायला एवढीच जागा लागली.

कपाडियांनी कागद पूर्ण वाचले. "म्हणजे आपली चूक आहे. दुरुस्त करायलाच हवी. बहीण आहे म्हणून नव्हे, कलम आहे म्हणून. तुम्ही मला दोन्ही सांगितलंत हे मला आवडलं." शेखरचा श्वास मोकळा झाला, आणि त्या मोकळ्या श्वासात तो बोलून गेला की असे आणखीही असतील, सगळ्या 'इतर'मध्ये काय आहे ते एकदा माणसं पाठवून विचारू या, महिनाभर द्या मला. कपाडिया खिडकीपाशी गेले. "शेखर, प्रत्येकाला कारण असतं. मलाही असतं. कारणं ऐकायला बसलो तर आपण पुन्हा सुपरवायझरच्या मर्जीवर येऊ. कलम असेल ते वगळा, बाकी आकडा बोलेल. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत." शेखर म्हणाला, "मग एकोणसाठ जणांना पत्रं काढायची?" कपाडिया वळले. त्यांना प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "साठ मंजूर आहेत. पुढचं नाव वर येईल ना?"

पुढचं नाव. तो केबिनमध्ये येऊन बसला. तीन वाजले होते. काचेबाहेर ऊन होतं, समोरच्या इमारतीवर कुणीतरी दोर लावून काचा पुसत होतं. राहीच्या तेविसांतले पंधरा खाडे वगळले की तिचा निर्देशांक सत्तराच्या वर जात होता. त्याने ते भरलं. यादी हलली, सत्तेचाळिसाव्या ओळीखालची तेरा नावं एकेक पायरी वर सरकली, आणि तळाशी रिकाम्या झालेल्या जागेत एक नवीन नाव येऊन बसलं. हिरी चंदर आगिवले, जुळणी विभाग, टेबल चार. खाडे एकोणीस. कारण, इतर.

त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्याने सगळे मार्ग तपासले, कारण तपासणं हे त्याचं काम होतं. मुलाचं आजारपण हे आजारपणात धरता येईल का? नाही, यादीत 'स्वतःचं' असं त्यानेच लिहिलं होतं, नाहीतर कुणीही कुणाचंही सांगेल म्हणून. न कळवता म्हणून दुप्पट धरलेले तरी सोडवता येतील का? फिट सांगून येत नाही. पण तसं लिहिलेलं कुठे नव्हतं. तिच्याकडे शिक्क्याचे कागद असतील का? दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतील, पण चिठ्ठ्यांचं कलम नव्हतं. राहीचे कागद मागे घ्यावे? ते त्याच्या हातात होतं. चार वाजेपर्यंत यादी जोगळेकरांकडे जायची होती. तो उठला, कपाडियांच्या दारापर्यंत गेला, आत कुणीतरी होतं, तो परत आला. खरं म्हणजे आत कुणी नसतं तरी तो काय बोलणार होता? फिटा येणाऱ्या एका मुलाबद्दल? प्रत्येकाला कारण असतं. त्याला आपल्या डोक्याचा वीट आला, त्याच्या नीटनेटकेपणाचा, ज्या वेगाने ते मोजत होतं त्याचा. एका पारड्यात बहीण होती. दुसऱ्या पारड्यात एक बाई, जिला त्याने दहा मिनिटं पाहिलं होतं, आणि जिला मोठ्याने, दोनदा, नाही म्हणून सांगितलं होतं. चारला पाच कमी असताना त्याने यादी पाठवली. बोट दाबायला काहीच जोर लागला नाही.

मंगळवार, बुधवार गेले. तो काम करत राहिला, आणि ते नीट होत होतं याचीच त्याला चीड येत होती. गुरुवारी कपाडियांनी बोलावून सांगितलं, उरलेल्या सहा कारखान्यांतही हाच निर्देशांक लावायचा, तुमच्या हाताखाली आणखी चार माणसं देतो. त्याने 'थँक यू' म्हटलं. शुक्रवारी तो पूजावर कारण नसताना ओरडला, भाजीत मीठ जास्त म्हणून, आणि मीठ जास्त नव्हतं. शनिवारी अर्धा दिवस होता. साठ जणांची पत्रं छापून, पाकिटं चिकटवून मुरबाडला रवाना झाली होती. सोमवारी पहिल्या पाळीला फाटकावर द्यायची होती. तो टेबल आवरत होता तेव्हा मोबाइल वाजला. धसईचा नंबर. मागे बाजाराचा कलकलाट, कुणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं.

"शेखर? बाय बोलते. साहेबानं सांगितलं, माझं नाव निघालं. कलम सापडलं म्हने."

"हो बाय."

"बरं झालं." ती थांबली. एवढ्यासाठी तिने फोन केला नव्हता हे त्याला कळलं. "एक इचारायचं व्हतं. माझ्या जागी कुनाला घातली का रे?"

खोलीत एअरकंडिशनर चालू होता. तो म्हणाला, "नाय." कित्येक वर्षांत तो 'नाय' म्हणाला नव्हता. "कुनाला नाय घातली."

"खरं?"

"खरं."

पलीकडून तिने श्वास सोडलेला ऐकू आला. "मग ठीक. मला रातभर लागून ऱ्हायलेलं. मी म्हनलं, दुसऱ्या बाईच्या पोटावर बसून मला नाय ऱ्हायचं तिथं." मग तिचा आवाज लांब गेला, "घे, बोल तू, नायतर म्हनशील बोलू नाय दिलं," आणि कुणीतरी फोन हातात घेतला, उलटा धरला असावा, कारण आधी नुसती खरखर आली. मग दुसरा आवाज आला, लाजरा, पण मोठा, जसा लांबच्या माणसाशी बोलताना काढतात तसा.

"भाऊ, मी हिरी. वळखलं का? लई चांगलं काम केलंत बगा. राहीबाय गेली असती तर मला त्या टेबलावर करमलंच नसतं. आता सोमवारची आमची पयली पाळी हाय. दोघी संगंच जानार."

"हं," शेखर म्हणाला.